दोन धामणी, एक शाल आणि सोपं इंग्रजी

माणसं इंग्रजी का शिकत नाहीत, याचं कारण आमच्या प्रकाशकांना गेल्या उन्हाळ्यात सापडलं. धड्यांत प्राणी कमी होते.

मी गेली काही वर्षं त्यांच्यासाठी सोप्या इंग्रजीच्या पुस्तिका लिहिते. वाचणारी सगळी मोठी माणसं. मराठी शाळेत शिकलेली, संसारात पडलेली, आणि इंग्रजी येत नाही म्हणून कुठे ना कुठे मान खाली घालावी लागलेली. त्यांच्यासाठी मी 'बँकेत', 'दवाखान्यात', 'विमानतळावर' असे धडे लिहिले. विमानतळावरचा धडा सगळ्यांत लोकप्रिय झाला. तो वाचणाऱ्यांतले बहुतेक कधी विमानतळावर जाणार नव्हते, पण गेलोच तर गप्प बसणार नाही, एवढा दिलासा त्यांना पुरत होता. मग प्राण्यांची टूम निघाली. पहिला धडा मी पेंग्विनवर लिहिला. परभणीहून एका वाचकाचा फोन आला, की बाई, हा पक्षी इकडे आला तर आम्ही त्याच्याशी इंग्रजीत बोलू, पण तोवर आमच्या पक्ष्यांबद्दल काहीतरी द्या.

प्रकाशकांना ते पटलं. अस्सल मातीतल्या गोष्टी आणा म्हणाले. प्राणी वागतात कसे तेही हवं आणि लोक त्यांच्याबद्दल मानतात काय तेही हवं. अटी फार नव्हत्या. वाक्यं लहान असावीत. कोणी मरू नये. कोणी कोणाला खाऊ नये. आणि आईवडिलांना मुलांसमोर वाचताना अवघडल्यासारखं होईल असं प्राण्यांनी काही करू नये. थोडक्यात, प्राण्यांनी प्राण्यांसारखं वागू नये. बाकी मला मोकळीक होती.

खानदेश निवडला, कारण यावलला माझ्या पुस्तिकांवर स्पोकन इंग्लिशचा वर्ग चालवणारे चौधरी सर मला केव्हापासून बोलावत होते. लोककथा आणि केळी, दोन्ही अस्सल मिळतील असं त्यांनी कळवलं होतं.

जळगाव

जून नुकताच लागला होता. पुण्यात जरा ऊन वाढलं की आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो. जळगावात लोक उन्हाबद्दल बोलतच नाहीत. घरातल्या दारुड्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत, तसं. डोक्याला रुमाल गुंडाळतात आणि कामाला लागतात.

चौधरी सर स्टेशनवर घ्यायला आले होते. चाळिशीतले, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात दर तिसरा शब्द इंग्रजी. मला पाहताच म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे अ‍ॅनिमल्स फार रिच आहेत." त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर माझ्या सत्काराची शाल पिशवीत ठेवलेली होती, आणि ती मला दिसू नये म्हणून तिच्यावर नारळाची पिशवी ठेवली होती. मी दोन्ही पाहिल्या आणि पाहिल्या नाहीत असं दाखवलं. सत्काराचा हा पहिला नियम पुण्याला आणि जळगावला सारखाच आहे.

दुपारी त्यांनी शेवभाजी खाऊ घातली. वर तांबडा तवंग, खाली काळा रस्सा, आणि त्यात शेव. ती मऊ व्हायच्या आत खायची असते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मग नाकातून आलं, मग कानात शिटी वाजली. सर काळजीनं म्हणाले, "मॅडम, धिस इज मीडियम."

यावल

जळगावहून यावलला जाताना तापी ओलांडली की दोन्ही हातांना केळीच्या बागा लागतात आणि उत्तरेला सातपुडा फिकट निळा दिसत राहतो. सरांचा वर्ग स्टँडमागच्या एका गाळ्यावर, पहिल्या मजल्यावर आहे. वर्गाचा एक कडक नियम आहे. वर्गात जो मातृभाषेत बोलेल त्यानं उभं राहायचं, आणि इंग्रजीत बरोबर वाक्य बोलल्यावरच खाली बसायचं. मी गेले तेव्हा निम्मा वर्ग उभा होता. उरलेला निम्मा तोंड मिटून बसला होता. "इंग्लिश अ‍ॅटमॉस्फिअर," सर मला हलक्या आवाजात म्हणाले.

उभ्या असलेल्यांत सगळ्यांत निवांत होत्या सुनंदा अक्का. साठीच्या आसपास, सुती नऊवारी, हातात माझीच पुस्तिका. जवळच्याच एका गावातल्या केळीच्या बागाईतदाराच्या घरातल्या. माझी राहायची सोय त्यांच्याकडेच केली होती. त्या वर्गात आल्यापासून उभ्याच आहेत, असं सरांनी सांगितलं. अक्का म्हणाल्या, गुडघ्यांना बरं असतं.

त्यांना इंग्रजी कशाला हवं, हे मी संध्याकाळी त्यांच्या घरी विचारलं. मुलगा कॅनडात, सून तिथलीच नोकरीवाली, नातू सहा वर्षांचा. त्याला मराठी येत नाही. येत नाही म्हणजे मुलानं शिकवलं नाही. दोन भाषांनी मूल गोंधळतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल होतो. नातू पडद्यावर येतो, 'हाय आजी' म्हणतो आणि निघून जातो. मग आजी-आजोबा रिकाम्या सोफ्याकडे बघत मुलाशी पावसापाण्याचं बोलतात.

"मले इंग्रजी नको वं बाई," अक्का म्हणाल्या. "तो पाच मिनिटं समोर बसला पाहिजे. तेवढं काय लागते ते सांगा."

हे इतकं साधं मागणं होतं, की माझ्या कुठल्याच पुस्तिकेत त्याचा धडा नव्हता.

त्यांचे यजमान नाना पलीकडे बाजेवर बसून ऐकत होते. नाना कमी बोलत, पण त्यांच्या बोलण्यात वजन असे. जेवायला खापरावरचे मांडे आणि आमरस होता. मांडा म्हणजे काय, ते न पाहिलेल्याला सांगणं कठीण आहे. पुरण भरलेली, हातावर झेलत झेलत रुमालाएवढी केलेली पोळी, उपड्या मातीच्या खापरावर भाजलेली. आमच्याकडची पुरणपोळी तिच्याशेजारी ठेवली तर टपाल तिकीट वाटेल. दोन मांडे पोटात गेल्यावर मी धड्याचं काम काढलं. नानांना विचारलं, प्राण्यांबद्दल इकडे लोक काय मानतात?

नानांनी टिटवीपासून सुरुवात केली. टिटवी पाय वर करून झोपते. आभाळ पडलं तर झेलता यावं म्हणून. तिनं अंडी उंच बांधावर घातली तर पाऊस दणकून, खालच्या सपाटीला घातली तर कोरडा. मग धामणीवर आले. जोडीनं धामणी उभ्या राहून एकमेकींना पीळ घालतात, ते त्यांचं लग्न असतं. तेव्हा त्यांच्यावर नवं, न वापरलेलं कापड टाकायचं. त्या निघून गेल्या की कापड उचलून घरात ठेवायचं. बरकत येते. नानांना हा योग तरुणपणी एकदाच आला होता. ते उपरणं अजून कपाटात आहे. मुलाचा व्हिसा दोनदा नाकारला गेला, तिसऱ्यांदा कागदपत्रं त्या उपरण्यात बांधून नेली, तेव्हा मिळाला.

त्या उपरण्यानं मुलगा मिळवून दिला की घालवला, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. आमरस चांगला होता म्हणून गिळला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी टिटवीचा धडा घेतला. फळ्यावर लिहिलं: लॅपविंग इज स्लीपिंग. लेग्ज आर अप. स्काय इज सेफ. वर्गानं तो मोठ्यानं म्हटला. मेडिकलच्या दुकानातल्या एका तरुणानं हात वर करून विचारलं, टिटवी खरंच अशी झोपते का? मी सांगितलं की नाही, ती इतर पक्ष्यांसारखीच झोपते. तो म्हणाला, मग हे खोटं वाक्य इंग्रजीत का शिकायचं? सरांनी त्याला उभं केलं. प्रश्न त्यानं मराठीत विचारला होता.

बांधावर

त्यानंतरच्या सकाळी मी नानांच्या ओट्यावर चहा पीत होते. सर मला न्यायला आले होते, कारण अकरा वाजता सत्कार होता. तेवढ्यात बागेतला गडी पळत आला. पाटाच्या चारीजवळच्या बांधावर धामणींचं लग्न लागलंय.

नानांना इतक्या चपळाईनं उठताना अक्कांनीही बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं. घरात नवं कापड शोधायला धावाधाव झाली. साड्या सगळ्या नेसलेल्या, टॉवेल धुतलेले, धोतरं वापरातली. नानांची नजर सरांच्या गाडीकडे गेली. मागच्या काचेतून प्लास्टिकच्या वेष्टणातली शाल दिसत होती. नारळाची पिशवी वाटेत कधीतरी घसरली होती. सर काही बोलायच्या आत नानांनी दार उघडून शाल काढली आणि बांधाकडे निघाले. मागे आम्ही, आमच्यामागे सर, "नाना, दॅट इज फॉर मॅडम," असं म्हणत.

बांधावर जे होतं ते मी कधीच पाहिलं नव्हतं. पुरुषभर लांबीच्या दोन धामणी, पिवळसर तपकिरी, अर्ध्या अंगानं जमिनीपासून वर उठलेल्या. दोरीला पीळ घालावा तशा एकमेकींभोवती गुंडाळत होत्या, सुटत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. एकीचं डोकं वर गेलं की दुसरी तिला वरून दाबून खाली आणायची. चावत नव्हत्या, फुत्कारत नव्हत्या. केळीच्या पानांतून उन्हाचे तुकडे त्यांच्या अंगावर पडत होते आणि त्यांच्याबरोबर वळत होते. आजूबाजूच्या शेतांतली माणसं जमली.

नाना पुढे सरकले, शाल उलगडली आणि हलक्या हातानं त्यांच्यावर सोडली. शाल क्षणभर तंबूसारखी उभी राहिली, हलली, मग कोसळली. धामणी खालून निघून चारीत गेल्या. नानांनी शाल उचलून कपाळाला लावली. त्यांचे डोळे भरले होते.

मी पुण्याची आहे. मला माहीत असलेली गोष्ट पोटात राहत नाही. शेजारी उभ्या असलेल्या सरांना मी अगदी हळू आवाजात सांगितलं, की हे लग्न नसतं. दोघेही नर असतात. मादीवरून कुस्ती चालते, जो दाबला जातो तो निघून जातो. मराठीनं धामणीला बाई करून ठेवलंय, लोकांनी जोडपं करून ठेवलंय, पण ते दोघे पुरुष आहेत.

शाल गेल्याचं दुःख सरांच्या मनात ताजं होतं. त्यांनी वर्गात करतात तशी मान उंच केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नाना, मॅडम म्हणतात, दोघेही जेन्ट्स आहेत."

आधी कोणालाच कळलं नाही. मग मागून एक जण हसला. मग सगळे हसले. नानांनी शालीची घडी घातली, घडी काखेत मारली आणि कोणाकडे न बघता घराकडे चालू लागले.

सत्कार नुसत्या नारळावर झाला.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली होती. चहाच्या टपरीवर नानांना विचारणा झाली, नवरदेव दोन तर वऱ्हाड कोणाचं? कोणी म्हणालं, उपरण्याचंही तसंच असणार, म्हणून तर पोरगा तिकडेच राहिला. नानांनी जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. ते अक्कांना म्हणाले, पाहुण्यांना भाकरी वाढ. पाहुण्या समोरच बसल्या होत्या.

हे हसण्यावारी गेलं असतं तर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अक्का बागेत गेलो, तर बांधावर शेजारचे सुधाकरभाऊ जाड काठी घेऊन उभे होते आणि चारीच्या कडेचं गवत बडवत होते. सुधाकरभाऊ नानांचे लांबचे चुलतभाऊ. त्यांची म्हैस आटत चालली होती. धामण रात्री गोठ्यात येते, म्हशीच्या मागच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते, अशी त्यांची खात्री होती. ही समजूतही इकडे जुनीच आहे. आजवर त्यांनी काठी उचलली नव्हती, कारण नानांच्या बांधावरची धामण म्हणजे लक्ष्मी. आता कालपासून ती लक्ष्मी राहिली नव्हती, दोन पुरुष झाले होते. ते पुण्याच्या बाईंनीच सांगितलं होतं.

मी पुढे होऊन शास्त्र सांगू लागले. धामण उंदीर खाते, तिला दूध पचत नाही, तिचे दात सडाला लागले तर म्हैस लाथ घालील. सुधाकरभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं कालचं खरं होतं. आजचंबी खरं असंल. पण म्हैस माही आहे." आणि पुन्हा गवत बडवू लागले. गवतात एक लांब अंग सरकलं. त्यांनी काठी वर उचलली.

"सुधाकर," अक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मार. पन ऐकून घे अन् मार. ते दोघं भाऊ हायेत. बांधावरून भांडू राह्यले. भावाभावाच्या भांडनात जो काठी घालते, त्याच्या घराची वाटनी होते. माही सासू सांगे."

काठी वर तशीच राहिली. इथे हे सांगायला हवं, जे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं: सुधाकरभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ एका घरात, दोन चुलींवर राहत होते. दोघांत बोलणं नव्हतं. म्हातारी आई आहे तोवर वाटणी नको, एवढ्या एका गोष्टीवर घर उभं होतं.

"काहीबी सांगू नको वहिनी," ते म्हणाले.

"नाही पटत तर मार," अक्का म्हणाल्या आणि माझ्या हाताला धरून निघाल्या.

आम्ही वळणापर्यंत गेलो. मागे काठीचा आवाज आला नाही. जरा वेळानं सुधाकरभाऊ काठी टेकत त्यांच्या शेताकडे जाताना दिसले. मी अक्कांना विचारलं, ही गोष्ट काल का नाही सांगितली? मी लिहून घेतली असती. अक्का पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "काल कुठून सांगू? आत्ता तर सुचली."

रविवार

सकाळी कॉलची वेळ झाली. तिकडे शनिवार मावळत होता. सर खास आले होते, विद्यार्थिनीची परीक्षा पाहायला. नाना बाजेवर पाठ करून बसले होते. अक्कांनी टिटवीचा धडा पाठ केला होता. आम्ही दोघींनी तो रात्री घोटला होता.

नातू आला. हाय आजी. अक्का घाईघाईनं म्हणाल्या, "लॅपविंग इज स्लीपिंग. लेग्ज आर अप. स्काय इज सेफ." एकही चूक नाही. नातू म्हणाला, "ओके," आणि गेला. सर टाळ्या वाजवत होते. पडद्यावर सोफा होता.

आयुष्यात माझ्या धड्याचं इतकं नेमकं परीक्षण दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

मग अक्कांनी मोठ्यानं त्याला नावानं हाक मारली आणि म्हणाल्या, "स्नेक! टू स्नेक! फाइट!" सोफ्याच्या कडेला डोकं दिसलं. अक्कांनी उजवा हात उभा केला, पंजाचा फणा केला. दुसरा साप कुठून आणायचा? त्यांनी वळून नानांचा हात धरला. नाना दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. त्यांनी हात ओढून घेतला. अक्कांनी पुन्हा धरला. मग काय वाटलं कोण जाणे, नानांनी बाही वर केली.

दोन म्हाताऱ्या हातांनी एकमेकांना पीळ घातला. हिरव्या बांगड्यांचा एक हात आणि पांढऱ्या केसांचा, शिरा उठलेला दुसरा. एकानं दाबावं, दुसऱ्यानं सुटून वर यावं. "धिस ब्रदर," अक्का म्हणत होत्या. "धिस ऑल्सो ब्रदर. बांध मेरा, बांध मेरा." "स्नेक्स आर फायटिंग," सर बाजूनं दुरुस्ती सुचवत होते. नातू सोफ्यावर गुडघ्यांवर उभा राहून किंचाळत होता. नानांचा हात खाली दाबला गेला तेव्हा तो ओरडला, "अगेन!" आणि नानांनी, ज्यांना इंग्रजीचा गंध नाही, दुसरा हात वर केला.

पाच मिनिटं कधीच उलटून गेली. शेवटी मुलगाच म्हणाला, आई, आता पुरे, त्याची झोपायची वेळ झाली. पडद्याबाहेर मूल रडत असल्याचा आवाज येत होता. अक्कांचा चेहरा इतका समाधानी मी त्याआधी पाहिला नव्हता. आपल्यासाठी कोणी रडावं, हे काही वाईट सुख नाही.

नानांनी बाही खाली केली आणि मला विचारलं, "चहा घेसान?" समेट झाला होता.

पिंपळनेर

प्रकाशकांना आदिवासी भागातलं काहीतरी हवंच होतं, म्हणून मी धुळ्यावरून पिंपळनेरला गेले. धुळ्याच्या स्टँडवर माझी पिशवी त्याच बसमधल्या एका कुटुंबाच्या पिशवीशी बदलली गेली. साक्रीपर्यंत मी दोन किलो मिरच्या मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनीही माझं इंग्रजी व्याकरण तितक्याच सावधपणे सांभाळलं होतं. साक्रीच्या स्टँडवर अदलाबदल झाली.

पिंपळनेरला सरांच्या ओळखीचे एक आबा भेटले. गोष्टी सांगण्यात पंचक्रोशीत नाव. अंगणात बाज टाकलेली, पश्चिमेला डोंगर, हातात विडी. इथली बोली यावलच्या बोलीहून निराळी, गुजरातकडे झुकणारी अहिराणी. मला एक वाक्य कळायचं, एक निसटायचं. कोतवाल पक्ष्याची गोष्ट त्यांनी छान सांगितली. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी ज्या झाडावर असेल तिथे बाकीचे पक्षी घरटी बांधतात, कारण तो कावळ्याशिकऱ्यांना हाकलतो. हाच कोतवाल शिकऱ्याची नक्कल करून खोटी आरोळी ठोकतो, पाखरं भिऊन पळाली की त्यांच्या तोंडचा किडा उचलतो. ही नक्कल पक्षी अभ्यासणाऱ्यांनीही ऐकलेली आहे. ज्यानं कोणी त्याला कोतवाल हे नाव ठेवलं, त्यानं चावडी जवळून पाहिली असणार.

मग आबांनी विडी विझवली आणि म्हणाले, आता जुनी सांगतो. "दोन धामण्या उभ्या ऱ्हाईसन भांडतस ना, त्या दोन भाऊ शेतस. बांधनासाठे भांडतस. जो मधमा काठी घाली, त्याना घरमा वाटनी व्हई."

मी विचारलं, ही गोष्ट तुम्ही कोणाकडून ऐकली?

"आमना आजा सांगे," आबा म्हणाले. "हाई गोट भलती जुनी शे. बठ्ठा गावले ठाऊक शे."

ती गोष्ट माझ्यापेक्षा चांगल्या बसनं आली असणार. कोणाच्या तरी माहेरवाशिणीबरोबर, कोणाच्या तरी फोनवरून. मी तिच्या जन्माच्या वेळी तिथे उभी होते, आणि इथे तिला आजा मिळाला होता. आबांना मी खरं सांगितलं नाही. एकदा सांगून काय झालं ते पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, पुस्तकात नाव टाकाल ना? मी हो म्हटलं.

पुणे

प्रकाशकांनी माझे धडे वाचले. कोतवाल काढला, पोलिसांना वाईट वाटेल म्हणाले. हतनूर धरणाच्या पाण्यावरच्या कमळपक्ष्याचाही एक धडा होता. त्याची मादी अंडी घालून निघून जाते आणि नर एकटा उबवतो. तोही काढला, पुरुष वाचक नाराज होतील म्हणून. टिटवी ठेवली. धामणीच्या गोष्टीवर मात्र ते खूष झाले. या सगळ्यांत हीच एक अस्सल आहे, जुनी गोष्ट लगेच कळते, असं म्हणाले. फक्त भावाभावांनी भांडू नये, म्हणून त्यांनी एक शब्द बदलला. छापून आलं ते असं: टू ब्रदर्स आर डान्सिंग.

पुस्तिका यावलला पोचली तेव्हा अक्कांचा फोन आला. नातू आता रविवारी आधीच येऊन बसतो. त्यानं शाळेतल्या मित्राच्या हाताला पीळ घातला म्हणून मुलाला शाळेत बोलावलं होतं. मुलानं आईला फोनवर ते जरा रागानंच सांगितलं. अक्का हसत होत्या. मग थांबल्या.

सुधाकरभाऊंच्या घराची वाटणी झाली होती. कशावरून ते नक्की कोणाला माहीत नव्हतं, विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून म्हणतात. घराच्या मधोमध भिंत उठली. म्हैस सुधाकरभाऊंकडे गेली, आई धाकट्याकडे. गावात सगळे एकच सांगत होते: त्यानं धामणींवर काठी उचलली होती.

"पन मारली कुठं होती?" मी म्हटलं. त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडात 'ण'च्या जागी त्यांचा 'न' येऊ लागला होता.

"उचलली तं होती." अक्कांचा आवाज खाली आला. "बाई, मी तोंडाले आलं ते बोलले होते. तुमच्यासमोरच बोलले. पन आता मलेबी भ्या वाटते. चारीवर एकटी जात नाही मी."

मी त्यांना समजावू शकले असते. मोटारीची पाळी आहे, वर्षानुवर्षांचा अबोला आहे, सगळं सांगण्यासारखं होतं. त्याऐवजी मी विचारलं, धामणी आहेत का अजून?

"हायेत ना. मोप हायेत," अक्का म्हणाल्या. "आता कोन हात लावते त्यायले?"